कॅमेरा, कृष्णाकाठ आणि एक टिटवी

निरोप समारंभात मला शाल, श्रीफळ, मानपत्र आणि भिंतीवरचे एक भले मोठे घड्याळ मिळाले. छत्तीस वर्षे ज्याने सकाळी घड्याळाकडे पाहतच घर सोडले, त्याला नोकरी संपल्यावर घड्याळच का द्यावे, याचे कोडे मला आजवर उलगडलेले नाही. २०१७ चा मे महिना होता. पुढचे पाच महिने मी त्या घड्याळाखाली बसून दोन वर्तमानपत्रे अथपासून इतिपर्यंत वाचली, सौभाग्यवतींच्या स्वयंपाकघरात नको ते सल्ले दिले आणि ओळखीपाळखीच्या लोकांची आयकर विवरणपत्रे भरून दिली. एम.कॉम. झालेल्या निवृत्त माणसाकडून समाजाची एवढीच अपेक्षा असते.

त्या दिवाळीला मुलगा पुण्याहून आला तो कॅमेरा घेऊन. निकॉनचा कूलपिक्स पी-९००. लेन्स न बदलता तब्बल ८३ पट जवळचे दाखवणारा आणि वजनाला किलोभरापेक्षा थोडा कमी. ‘बाबा, नातीचे फोटो काढा,’ असे तो म्हणाला. नात पुण्यात आणि कॅमेरा सांगलीत. तेव्हा फोटो काढायचे कोणाचे, हा प्रश्न उरलाच. मी कॅमेरा घेऊन गच्चीवर गेलो. समोरच्या उंबरावर पाठमोरा बसलेला, चिमणीपेक्षा थोडा थोराड हिरवा पक्षी दिसला. ‘टुक्, टुक्, टुक्’ असा एका लयीतला आवाज चालू होता. हा आवाज मी विश्रामबागेतल्या या घरात वर्षानुवर्षे ऐकत आलो होतो आणि कोणाच्या तरी विहिरीवरचा पंप असावा, अशी माझी पक्की समजूत होती.

खाली येऊन मी मोठ्या उत्साहाने तो धूसर फोटो सौभाग्यवतींना दाखवला. त्यांनी चष्मा न लावताच सांगितले, ‘अहो, तो तांबट. उंबराला फळे धरली की येतो. दरवर्षी येतो.’

पुढच्या काही दिवसांत लक्षात आले की स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणाऱ्या चौकोनी जगाची त्यांना खडान्‌खडा माहिती आहे. दयाळ पहाटे किती वाजता गातो, शिंजीर जास्वंदीच्या फुलात वरून चोच न घालता देठापाशी भोक पाडून मध कसा चोरतो, सातभाईंची टोळी मांजर दिसताच कसा कालवा करते, हे सारे त्यांना ठाऊक होते. माझ्या बदल्या होत राहिल्या, मुलांच्या शाळेसाठी त्या सांगलीत राहिल्या आणि मी शनिवारी रात्री येऊन सोमवारी पहाटे जाणारा पाहुणा झालो. त्या वर्षांत त्यांना सोबत कोणाची होती, याचा मी कधी विचारच केला नव्हता. त्यांनी तशी तक्रारही कधी केली नाही. पण तांबटाच्या त्या एका वाक्याने मी जरा ओशाळलोच.

तेव्हा मला मायणी आठवले. १९९२ ते १९९६ ही चार वर्षे मी सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातल्या एका शाखेत होतो. खटाव आणि माण म्हणजे पर्जन्यछायेतला मुलूख. पीककर्जाच्या पाहणीसाठी मोटारसायकलवरून हिंडताना मायणीचा ब्रिटिश अमदानीतला तलाव आठवड्यातून एकदा तरी लागायचा. मी त्या तलावाकडे न चुकता पाहत असे, पण पाहत असे ते पाण्याची पातळी. तलावात पाणी म्हणजे वसुली. तलाव आटला म्हणजे थकबाकी. आमच्या शाखेतला एक लिपिक त्याच भागातला होता. जानेवारी-फेब्रुवारीत तो हमखास म्हणायचा, ‘साहेब, परदेशी पाखरे आलीत. एक दिवस सकाळी बघून येऊ.’ आणि मी ठरलेले उत्तर द्यायचो, ‘मार्चअखेर होऊ दे.’ मार्चअखेर संपायची, ताळेबंद जुळायचा आणि तोवर पाखरे उत्तरेकडे निघून गेलेली असायची. चार वर्षांत चार मार्चअखेर झाल्या. मी एकदाही गेलो नाही.

२०१८ च्या जानेवारीत मात्र आम्ही दोघे मुद्दाम गेलो. मायणीचा तलाव गाळाने उथळ झालेला दिसला. चहाच्या टपरीवर विचारले तेव्हा पाखरे येरळवाडीला असल्याचे कळले. येरळा नदीवरचा हा तलाव खटाव तालुक्यातच आहे. सकाळी आठच्या सुमारास धुके विरले आणि पलीकडच्या काठाला उथळ पाण्यात पांढऱ्या-गुलाबी रंगाची एक रेघ दिसू लागली. ते रोहित होते, म्हणजे आपण ज्यांना फ्लेमिंगो म्हणतो ते. शंभराच्या आसपास असतील. माना खाली, चोच पाण्यात उलटी बुडवलेली आणि पाय चिखल ढवळत असलेले. चोचीतल्या गाळणीतून पाणी बाहेर टाकून शेवाळ आणि बारीक जलजीव तेवढे ते पोटात घेतात. त्यांच्या पिसांचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो. त्यांची मोठी वीण कच्छच्या रणात होते. एवढ्या लांबून ही मंडळी माणदेशाच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहतात आणि मी चार वर्षे शेजारून मोटारसायकल हाणत गेलो! सौभाग्यवती बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढेच म्हणाल्या, ‘किती शिस्तीत चरतात.’

२०२१ मध्ये मायणी आणि परिसरातल्या या तलावांना शासनाने संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. त्या बातमीचे कात्रण मी जपून ठेवले आहे.

त्या सकाळी मी एकशे चाळीस फोटो काढले. घरी येऊन संगणकावर पाहिले तर एकाही रोहिताच्या अंगावर पीस म्हणून दिसेना. गडद पाण्यावर चुन्याचे ठिपके पडावेत तसे ते दिसत होते. खऱ्या शिक्षणाला इथून सुरुवात झाली.

ज्यांना या छंदात पडायचे आहे त्यांच्यासाठी हा भाग थोडा विस्ताराने सांगतो. कॅमेऱ्यात प्रकाशाचा हिशेब तीन खात्यांवर चालतो. लेन्सचे छिद्र किती उघडे, शटर किती वेळ उघडे आणि आयएसओ, म्हणजे संवेदकाकडून आलेला संकेत किती वाढवायचा, ही ती तीन खाती. दुहेरी नोंद पद्धत ज्याला कळते त्याला हे समजायला वेळ लागत नाही. उडणारा पक्षी टिपण्यासाठी शटरचा वेग एका सेकंदाच्या पाचशेव्या भागावरून दोन हजाराव्या भागावर नेला, तर आत येणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो. ती तूट कुठेतरी भरून काढावीच लागते. छिद्र आधीच पूर्ण उघडे असेल तर आयएसओ चौपट करायचा आणि त्याचे व्याज म्हणून फोटोत येणारे दाणे सोसायचे. फुकट काहीच मिळत नाही.

रोहितांच्या बाबतीत माझी चूक निराळी होती. कॅमेरा समोरच्या दृश्याची सरासरी काढतो. गडद पाणी जास्त आणि पांढरा पक्षी लहान असला की त्याला वाटते उजेड कमी आहे, म्हणून तो प्रकाश वाढवतो आणि पक्षी जळून जातो. अशा वेळी एक्स्पोजरची दुरुस्ती वजा करायची. पांढरट आकाशात घार उडत असेल तर नेमके उलटे. तिथे अधिक करायचे, नाहीतर घारीची नुसती सावली हाती लागते. कृष्णेच्या काठी बसून बगळ्यांवर मी महिनाभर एवढेच गिरवले. सराव करायला बगळा फार चांगला. तो तासन्‌तास हलत नाही आणि त्याची फीही नसते.

दुसरा मास्तर वेडा राघू. तारेवरून झेप घेऊन तो हवेतल्या हवेत माशी पकडतो आणि बहुधा पुन्हा त्याच जागेवर येऊन बसतो. उडणाऱ्या पक्ष्यामागे कॅमेरा फिरवत दमण्यापेक्षा त्याच्या बैठकीच्या जागेवर नजर रोखून थांबावे, हे त्याने शिकवले. फोकस नेहमी डोळ्यावर. पंख किंचित हलले तरी चालते, पण डोळा अस्पष्ट असला की फोटो मेलेला वाटतो. पुढे मी जुना पण सुस्थितीतला कॅनन आणि सिग्माची १५०-६०० ची लेन्स घेतली. ती लेन्स एकटीच दोन किलोच्या आसपास भरते. साठी ओलांडलेल्या खांद्याला हा भार झेपेल की नाही, याचा विचार खरेदीपूर्वी करावा. मी नंतर केला. आता एकपायी स्टँड वापरतो.

या काळात पक्ष्यांची मराठी नावे शिकण्याची गोडी लागली. चोचीचे टोक पिवळे आणि मुळाशी दोन लाल ठिपके म्हणून ‘हळदीकुंकू’ बदक. काळ्या अंगावर कपाळी पांढरा टिळा म्हणून ‘वारकरी’. शेपटी सतत खालीवर आपटत पाण्याकाठी फिरतो म्हणून ‘धोबी’. स्वतःपेक्षा मोठ्या घारीलाही हाकलून लावतो म्हणून ‘कोतवाल’. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांच्याजवळ दुर्बीण नव्हती, कॅमेरा तर नव्हताच. पण त्यांनी पाहिले मात्र होते. या नावांची आणि जंगलातल्या बोलीची मराठीत सर्वांत मोठी नोंद केली ती मारुती चितमपल्ली यांनी. वनखात्यात आयुष्य काढलेल्या या माणसाचा ‘पक्षिकोश’ माझ्या टेबलावर कायम असतो. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालीम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो.

सालीम अलींची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी मारली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, तिची ओळख पटवण्यासाठी ते मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि तिथून भारतीय पक्षिशास्त्राचा एक अध्याय सुरू झाला. त्या काळात पक्षी ओळखायचा म्हणजे तो मारून हातात घ्यायचा, हीच रीत होती. आमच्या अक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. ‘तुझ्या हातात बंदूक नाही ना, मग बरे,’ म्हणाल्या. मीही तेव्हा निर्धास्तपणे मान डोलावली. (याच अक्कांनी खाटीक पक्ष्याने सरडा काट्याला टोचून ठेवल्याचा माझा फोटो पाहायचे साफ नाकारले. ‘ह्याचा कसला फोटो काढतोस?’ या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. निसर्गात जे आहे ते आहे. पण समाजाच्या सभागृहात फोटो मांडायची वेळ आली तेव्हा तो फोटो मी घरीच ठेवला, हेही खरे.)

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराचाही इथे उल्लेख करायला हवा. पाणी चढू लागले तसे आम्ही दागिने, मुदतठेवींच्या पावत्या, घराची कागदपत्रे, सगळे वरच्या मजल्यावर नेले. दोन वर्षांचे फोटो असलेली हार्ड डिस्क खालच्या कपाटात राहिली. आयुष्यभर दुसऱ्यांना लॉकरचे महत्त्व पटवून देणाऱ्या माणसाने आपल्या खजिन्याची दुसरी प्रत ठेवली नव्हती. पाणी ओसरल्यावर ती डिस्क चिखलातून काढली. येरळवाडीचे ते जळालेले एकशे चाळीस फोटोही तिच्यातच गेले आणि त्यांच्यासाठी मला सर्वांत जास्त हळहळ वाटली.

सागरेश्वरला आम्ही दोन-तीनदा गेलो. उघड्या-बोडक्या डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उभे राहिलेले हे मानवनिर्मित अभयारण्य. पायथ्याशी यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे. तिथे मोर भरपूर आहेत, पण माणसांच्या डब्यांना ते सोकावलेले वाटले. कासला फुलांच्या हंगामात जाऊ नये, म्हणजे पक्ष्यांसाठी जाऊ नये, असे माझे मत आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणे जागतिक वारसा ठरली त्यांत कास आहे आणि त्यानंतरची रविवारची गर्दी सर्वांनी पाहिलेली आहे. साताऱ्याहून पहाटे निघून ठोसेघरच्या बाजूला पावसाळ्यात शीळकरी कस्तुराची शीळ ऐकावी. फोटो मिळणार नाही, लेन्सवर धुके बसेल, पण तो आवाज विसरला जाणार नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो.

पक्षी-छायाचित्रणाचा आरंभ घरट्यांपासून झाला. इंग्लंडमधल्या कीअर्टन बंधूंनी १८९२ मध्ये घरटे आणि अंडी यांचा फोटो काढला आणि १८९५ मध्ये अशा फोटोंचे पुस्तक छापले. पक्ष्यांच्या जवळ जाता यावे म्हणून पुढे त्यांनी पोकळ बैलाचे सोंग तयार केले आणि त्यात कॅमेरा घेऊन ते बसत. आपल्याकडे ई. एच. एन. लोथर या रेल्वेतल्या इंग्रज अधिकाऱ्याने घरट्यांसमोर आडोसा उभारून वर्षानुवर्षे फोटो काढले; त्याचे पुस्तक १९४९ चे. त्यांचाही इलाज नव्हता. त्या काळच्या लेन्सना दूरचे दिसत नसे आणि पक्षी हमखास परत येतो असे ठिकाण एकच, ते म्हणजे घरटे. माझ्याजवळ सहाशे मिलिमीटरची लेन्स होती. मला हे निमित्त नव्हते.

२०२२ चा एप्रिल. मिरजेच्या पूर्वेला, दंडोबाच्या डोंगराच्या बाजूला एक मुरमाड माळ आहे. चंडोलांचे फोटो काढायला मी तिथे एकटाच गेलो होतो. चालताना माझा डोळा सारखा कॅमेऱ्याला लागलेला. अचानक टिटवीची जोडी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली. खाली पाहिले तर माझ्या बुटापासून दोन-अडीच हातांवर, खड्यांच्या उथळ खळग्यात, मातीच्याच रंगाची चार अंडी. आपल्याकडे मुनिमहाराज पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात; ईर्या समिती हा शब्द मी लहानपणी पाठशाळेत घोकला होता. त्या दिवशी पाऊल अंड्यांवर पडले नाही, यात माझे काही कर्तृत्व नव्हते.

तिथूनच मागे फिरायला हवे होते. मी वीस पावले मागे सरलो आणि एका बाभळीच्या अर्धवट सावलीत स्टँड लावून बसलो. टिटवी अंड्यांवर बसेल आणि मला फोटो मिळेल, हा हिशेब. ती यायची, चार पावले अलीकडे थांबायची, माझ्याकडे पाहायची आणि पुन्हा उडायची. साडेदहा वाजले, अकरा वाजले. माळ तापू लागला. एकदा ती पाण्याकडे जाऊन ओल्या पोटाने परतली. उन्हाळ्यात टिटव्या पोटाची पिसे भिजवून आणतात आणि तो ओलावा अंड्यांना देतात, हे मी वाचले होते. आता ते डोळ्यांसमोर पाहायला मिळणार, म्हणून मी आणखीच स्थिर झालो. ती घिरट्या घालत राहिली. पिसे वाळली असतील.

मेंढरे घेऊन एक म्हातारा धनगर माळावरून चालला होता. तो थांबला, वर टिटवीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाला, ‘सायेब, तुमी हितनं हलल्याबिगर ती बसायची न्हाई. उनात अंडी शिजत्याल की.’

मी उठलो. पण खोटे कशाला सांगू, लगेच उठलो नाही. तो थोडा पुढे गेल्यावर टिटवी एकदाची अंड्यांपाशी उतरली; बसली नाही, पंख अर्धवट पसरून सावली धरून उभी राहिली. मी ते फोटो काढले आणि मग उठलो. डोळ्याभोवतीचे लाल कातडे, चोचीतून आत दिसणारी जीभ, खाली चार अंडी. तांत्रिकदृष्ट्या माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो.

संध्याकाळी तो नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवला. कौतुकाचा वर्षाव झाला. एका प्रदर्शनासाठी त्याची मागणीही आली. सौभाग्यवतींनी तो मोठा करून नीट पाहिला.

‘चांगला आलाय. तुम्ही किती वेळ होता तिथे?’

‘दीड तास असेन.’

‘आणि तेवढा वेळ ती कुठे होती?’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा त्या माळावर गेलो. कॅमेरा न घेता. खळग्यात एक फुटके कवच होते. बाकी काही नव्हते. टिटव्या लांबवर ओरडत होत्या. कावळ्याने नेली, मुंगसाने नेली की कुत्र्याने, ते मला ठाऊक नाही. मी गेलो नसतो तरी कदाचित हेच घडले असते. तपासणी अधिकाऱ्यासमोर माझ्याविरुद्ध पुरावा उभा राहिला नसता. पण मुरमावर माझ्या बुटांचे ठसे त्या खळग्यापर्यंत गेलेले स्पष्ट दिसत होते आणि कावळे तर आदल्या दिवशीही त्या बाभळीवर होतेच. फोटोत माझ्या लक्षात आले नव्हते ते मला घरी येऊन दिसले. टिटवीची चोच उघडी होती ती ओरडण्यासाठी नव्हती. उन्हाने ती धापा टाकत होती.

मी प्रदर्शनाला नकार कळवला. कारण विचारले तेव्हा ‘घरगुती अडचण’ असे सांगितले. अक्कांना अजून काहीच सांगितलेले नाही. हा अंक त्यांच्या हाती पडेल तेव्हा कळेल. ज्या घरात मुंगीच्या रांगेवरून पाय उचलून जायची सवय लावली जाते, त्या घरातला मी. बंदूक हाती नसली की झाले, असे मी धरून चाललो होतो.

दोन महिने कॅमेरा कपाटात होता. तो पुन्हा बाहेर काढला तो सौभाग्यवतींनी. ‘खिडकीतून काढा,’ म्हणाल्या. तेव्हापासून स्वयंपाकघराची खिडकी हा माझा आडोसा झाला आणि बाहेर गेल्यावर मोटार. मोटारीतल्या माणसाला पक्षी सहसा बिचकत नाहीत. काच खाली करून दारावर वाळूची पिशवी ठेवली की लेन्सला टेकूही मिळतो आणि गुडघ्यांनाही आराम. घरट्याचा फोटो काढत नाही आणि कोणी घरट्याचे ठिकाण विचारले तर सांगत नाही. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावण्याची युक्ती काहीजण वापरतात. दुसरा नर हद्दीत आला असे समजून तो बिचारा चारा सोडून भांडायला येतो. तेही करत नाही. पक्ष्याने खाणे थांबवून मान वर केली की मी थांबतो. तो उडाला तर चूक माझी.

फोटो कमी झाले आहेत. नोंदवही मात्र वाढली आहे. तारीख, वेळ, ठिकाण, पक्षी, संख्या असे रकाने आखलेले लांबट रजिस्टर मी जुन्या सवयीने ठेवतो आणि आठवड्यातून एकदा त्यातल्या नोंदी ‘ई-बर्ड’वर चढवतो. कोणता पक्षी कुठे आणि किती दिसतो, हे अभ्यासकांना अशा नोंदींवरून कळते. आपल्यासारख्या निवृत्तांना हे काम फार चांगले जमते. वेळ आहे, चिकाटी आहे आणि आकड्यांची शिस्त आहे.

एक अडचण अजून सुटलेली नाही. फोटोसाठी सर्वांत सुंदर प्रकाश सूर्यास्तापूर्वीच्या तासाभरात असतो आणि आमच्या घरी जेवणाची ताटेही त्याच तासात मांडली जातात. गेल्या डिसेंबरात येरळवाडीला यावर तोडगा निघाला. सौभाग्यवतींनी डबा सोबत घेतला. तलावाच्या काठी, मोटारीच्या मागच्या आसनावर दशम्या आणि शेंगांची चटणी खात असताना चक्रवाकांची एक जोडी अगदी समोर उतरली. नारिंगी अंग, फिकट डोके, पाण्यावर पडलेले तिरपे ऊन. माझे हात चटणीने माखलेले. कॅमेरा पुढच्या आसनावर.

‘राहू दे,’ त्या म्हणाल्या. ‘वहीत लिहा.’

टिटवीच्या माळावरही मी दर एप्रिलला जातो. गाडी रस्त्यावरच उभी करतो. तिथून तो खळगा होता ती जागा साठेक पावलांवर आहे. यंदाची नोंद अशी आहे : सकाळी ७.१०, टिटवी, २. शेरा : एक बसलेली. जवळ गेलो नाही.